साडेतीन फाकडे ॲपमध्ये मावत नाहीत

कॅरेक्टर शीट हा एक कागद असतो. पेन्सिलीने लिहायचा, रबराने खोडायचा, चहाचा डाग पडला तरी चालणारा. गेल्या काही वर्षांत हा कागद कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर गेला, आणि आपण रचलेलं पात्र आपणच महिन्याच्या भाड्याने घेऊन खेळायला लागलो. टेबलावर याबद्दल कुणी कुरकुर केली की बाकीचे "अगं, सोयीचं आहे ना!" म्हणून गप्प करतात. हा लेख त्या 'सोयीचं आहे ना'ला उत्तर आहे. मी दिवसभर हिंजवडीत बसून असलीच सॉफ्टवेअर बनवते. लॉगिन, सबस्क्रिप्शन, रकाने आणि रकान्यांवर बसवलेले पहारेकरी. त्यामुळे सोय कुणाची होते आहे हे मला जरा आतून दिसतं.

ज्यांना हा खेळ 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधल्या तळघरापुरताच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि "मी दार उघडते", "मी त्याला थाप मारतो" असं सांगत जातात. पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. एकच गोष्ट महिनोनमहिने चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. कोकणातला दशावतार पाहिला असेल तर लगेच कळेल: कथानक आधी ठरलेलं, संवाद मात्र तिथे उभं राहून जागच्या जागी रचायचे. इथे कथानकही ठरलेलं नसतं आणि बघायला कुणी बसलेलं नसतं, एवढाच फरक.

या सगळ्याची आठवण दोन ठिकाणी राहते: खेळाडूची शीट आणि डीएमची वही. ॲपं शिरली ती नेमकी इथे. पात्राची ताकद, जखमा, पोतडीतलं सामान, येत असलेले मंत्र, कुणाची पाळी, कुठला नकाशा, मागच्या सेशनला काय झालं, सगळं ती सांभाळतात. बेरजा-वजाबाक्या करतात, फासेसुद्धा तीच टाकतात, वर गडगडल्याचा आवाज काढतात. बघायला मजा येते, नाही असं नाही.

आता आमच्या टेबलाकडे येते. आम्ही पाच जण, तळेगाव आणि कामशेतचे. महिन्यातून दोन रविवार लोकल पकडतो आणि लोणावळ्याला एकाच्या आजीच्या घरी खेळतो. (पावसाळ्यात भुशी धरणाकडे निघालेल्या लोंढ्याच्या बरोब्बर उलट्या दिशेने चालत जाण्यातलं सुख ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल.) वर्षभर एल्फ आणि ड्वार्फ खेळून कंटाळा आल्यावर आमच्या डीएमने कॅम्पेन सरळ मावळात आणलं. डिसेंबर १७७८. रघुनाथरावांना पुण्यात गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून निघून घाट चढते आहे.

पुढे काय झालं ते इतिहासात आहे. मराठ्यांनी वाटेवरचं धान्य आणि वैरण जाळली, गावं रिकामी केली. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा त्यांच्या हाती राख लागली. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात ढकलून ते मागे फिरले, वडगावला घेरले गेले आणि तह करून सुटले. महादजी शिंद्यांचं नाव या लढाईत सगळे घेतात. आपलीच गंजी आपल्याच हाताने पेटवणाऱ्या माणसांचं नाव कुणी घेत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही. आमचं कॅम्पेन त्यांचं आहे. फौज यायच्या आत तळेगाव रिकामं करायचं, एवढीच कामगिरी. एक म्हातारी म्हैस सोडून निघायला तयार नाही. एक सावकार म्हणतो, भरपाईचं पुण्याहून लेखी आणा, मग बोलू. त्या म्हशीवर आमची तीन सेशन्स गेली आणि तलवार एकदाही म्यानाबाहेर आली नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात थरारक तीन सेशन्स होती.

पहिल्याच दिवशी कळलं की या खेळात लागणारी मुख्य गोष्ट आमच्या ॲपमध्ये नाही. पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव. आम्हाला हवी होती पत. कुणी म्हणेल, ती प्रभावातच आली की. नाही येत. प्रभाव माणूस अंगावर घेऊन फिरतो. पत दुसऱ्याच्या मनात असते आणि समोरचा बदलला की बदलते. आमच्यातल्या एकीचं पात्र वेशीवरचा वेसकर आहे. पाटलाच्या ओट्यापुढे त्याचा शब्द कुणी ऐकत नाही. पण रात्री बायका-पोरं घेऊन कुठल्या वाटेने निसटायचं हा प्रश्न आला की सगळं गाव त्याच्याच तोंडाकडे बघतं. एकाच माणसाची पत एका ठिकाणी शून्य आणि दुसरीकडे सगळ्यात जास्त. यासाठी एक आकडा पुरत नाही, छोटा तक्ता लागतो. ॲपमध्ये सातवा रकाना घालायची सोय नव्हती. खाली 'टिपा' नावाची एक चौकट होती, तिथे काहीही लिहा, पण त्याचा खेळाशी संबंध नाही. शेवटी वहीत पट्टीने पाच रेघा मारल्या. वेळ, अर्धं मिनिट.

मग आला इष्टुर फाकडा. खरं नाव कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता असं सांगतात. त्याचं थडगं वडगाव मावळात आहे आणि लोक त्याला समाधी म्हणतात. चालून आलेल्या शत्रूला 'फाकडा' ही पदवी मराठ्यांनीच दिली, आणि साडेतीन फाकड्यांतला अर्धा म्हणून मोजलाही. गंमत अशी की त्याच युद्धात पुण्याचा कारभार बघत होते नाना फडणवीस, साडेतीन शहाण्यांतले अर्धे. म्हणजे एका बाजूला अर्धा शहाणा, दुसऱ्या बाजूला अर्धा फाकडा. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन पीठं असणाऱ्या भाषेत हे कुणाला खटकत नाही. ॲपला खटकतं. तिथे संख्येचा रकाना पूर्णांकाचा असतो. आणि पात्राच्या वृत्तीसाठी नऊ पर्यायांची यादी असते, सज्जन-दुर्जन, शिस्तप्रिय-बेबंद अशा जोड्या लावून केलेली. त्या नऊत इष्टुर फाकडा कुठे बसवायचा? (ज्या खेळाची २००३ सालची आवृत्ती चक्क 'साडेतीन' नावाने ओळखली जाते, त्याच्या ॲपांना अर्धा समजू नये, हे जरा अतीच झालं.)

हे छोटे अडथळे आहेत, मान्य. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुणालाही विचारा: रकाने आधी ठरतात, जग नंतर त्यात भरलं जातं. आणि ज्याला रकाना नाही ते हळूहळू नसल्यात जमा होतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मावळात बंगल्यांसाठी जमिनी विकल्या गेल्या तेव्हा ज्यांनी तिथे जन्मभर भात लावला त्यातल्या कितीजणींच्या सहीची कुणाला गरज पडली? कागदावर रकानाच नव्हता.

खेळात हे फार चटकन होतं. माणूस समोर जे दिसतं त्याला धरून खेळतो. स्क्रीनवर 'हल्ला' हे बटण मोठं आणि लाल असेल तर हात तिकडे जातो. आम्ही ॲप वापरत होतो तेव्हाची आणि वहीवर आल्यानंतरची सेशन्स आठवून बघितली तर आधीच्यांत मारामाऱ्या भरपूर होत्या, बोलणं कमी. तेच पाच जण, तीच खोली, तीच चिक्की.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. आमच्या धंद्यात त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. चुकीचं काही भरलं की लाल अक्षरात 'हे करता येणार नाही'. बँकेच्या फॉर्मला ते हवंच. पण या खेळात एखादी पोरगी जेव्हा म्हणते, "मला हा मंत्र येत नाही, पण माझ्या आजीला येत होता, मी आठवून बघू का?", तेव्हा चांगला डीएम दोन सेकंद गप्प बसतो आणि म्हणतो, "बघ. पण त्याची किंमत पडेल." सगळा खेळ त्या दोन सेकंदांत आहे. ॲपमध्ये तो मंत्र तिच्या यादीत नसतो, म्हणून ती विचारतच नाही. डीएमशी भांडता येतं, त्याला पटवता येतं, त्याच्यावर रुसता येतं. यादीशी काय भांडणार?

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे, बाजूला मशीनगनवाला जवान, हळिवाच्या शेतात प्लॅस्टिकची गाय आणि ती बुरुजाहून मोठी. कुठलाही जवान 'कालखंड जुळत नाही' म्हणून नाकारला गेला नाही. किल्ला कुणाचा तर ज्याने चिखल कालवला त्याचा.

आता भाड्याबद्दल. ही भीती हवेतली नाही, या खेळाचा गेल्या वीस वर्षांचा हिशेबच सांगते. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली. तिचं पात्र बनवायचं अधिकृत साधन आधी संगणकावर उतरवून घेता यायचं. २०१० मध्ये ते फक्त ब्राउझरमध्ये चालेल असं केलं, तेही मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर. पुढे सिल्व्हरलाइट म्हातारं झालं आणि २०२० उजाडताना ती साधनं बंद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरली त्यांच्यापाशी छापून ठेवलेले कागद तेवढे उरले. म्हणजे अखेरीस कागदच.

दरम्यान २०१७ मध्ये 'डीअँडडी बियाँड' आलं. ते एका कंपनीने काढलं, दुसरीकडे गेलं, आणि २०२२ मध्ये खेळाची मालक असलेल्या हॅस्ब्रोने १४.६३ कोटी डॉलरना विकत घेतलं. कशासाठी? त्याच वर्षाअखेर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की या खेळातून अजून पुरेसा पैसा काढलेला नाही. डीएम लोक पुस्तकं घेतात, बाकीचे खेळाडू फुकट खेळतात, ही त्यांची अडचण होती. मला हे वाक्य अपमानास्पद वाटत नाही. आमच्या मीटिंगांमध्ये दर तिमाहीला बोललं जातं. फक्त ते आपल्याबद्दल बोललं जातं आहे, हे टेबलावर बसलेल्यांना कळायला हवं.

जानेवारी २०२३ मध्ये जुना मुक्त परवाना मागे घेण्याचा बेत फुटला. खेळाडूंनी वर्गण्या रद्द केल्या आणि काही आठवड्यांत कंपनीने माघार घेतली. २०२४ मध्ये एखादाच मंत्र किंवा एखादाच वर्ग सुटा विकत घ्यायची सोय काढून टाकली, घ्यायचं तर आख्खं पुस्तक घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं की नवे नियम आले की शीटवरचे जुने मंत्र आपोआप बदलतील. म्हणजे तुमच्या चालू कॅम्पेनमधलं पात्र रात्रीतून दुसरंच होणार. पुन्हा बोंब झाली, पुन्हा माघार. २०२५ च्या फेब्रुवारीत 'सिजिल' नावाचं थ्रीडी टेबल आलं आणि मार्चमध्ये ते बनवणारी बहुतेक टीम घरी गेली. तिकडच्या त्या इंजिनिअरांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण ज्याच्या भरवशावर तुम्ही तीन वर्षांची गोष्ट ठेवणार, ते महिन्याभरात असं होऊ शकतं.

आमच्याबाबतीत कंपनीला एवढं काही करावं लागलं नाही, पावसाने भागलं. जुलैतला रविवार, वीज गेली, राउटर गेला, मोबाइलला एक दांडी कधी येते कधी जाते. पाच पात्रं एका ॲपच्या सर्व्हरवर अडकली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळ्यांची रचना तीच आहे. फोनवर शीट दिसायची, पण काही बदलायला गेलं की फिरतं चक्र. आजीने कंदील आणून ठेवला आणि विचारलं, "पत्ते काढू का?"

यावर माझे मित्र तीन गोष्टी सांगतात. पहिली, नव्या खेळाडूला नियम अवघड जातात, ॲप हात धरतं. खरं आहे. पण मग नियमच कमी करा ना. आम्ही वीस बाजूंचा फासा ठेवून सहा कवड्या घेतल्या. उताण्या पडतील तेवढं दान. चौसष्ट शक्यता, मधले आकडे जास्त वेळा पडतात, शून्य आणि सहा क्वचित, आणि म्हणून सहा पडल्यावर सगळे ओरडतात. कवडी काही नाण्यासारखी समतोल नसते, त्यामुळे गणित जरा तिरकं जातं, जाऊ दे. आजी दहा मिनिटांत शिकली. हा बदल आम्ही कुठल्या सेटिंगमध्ये जाऊन केला असता?

दुसरी, लांबच्या मित्रांशी खेळता येतं. हे मी पूर्णपणे मान्य करते. लॉकडाउनमध्ये कित्येक टेबलं रोलट्वेंटी आणि डिस्कॉर्डवरच जगली, आणि बहीण कॅलिफोर्नियात असेल तर तिला लोणावळ्याची लोकल पकडता येत नाही. पण दूरच्याशी बोलायला लागतो व्हिडिओ कॉल. पात्राची मालकी सोडून द्यावी लागत नाही. फाउंड्रीसारखं साधन एकदाच विकत घेऊन स्वतःच्या मशीनवर चालवता येतं. म्हणजे दुसरा मार्ग शक्य आहे, आणि भाडं ही तांत्रिक गरज नाही.

तिसरी मला सगळ्यात जास्त झोंबते: "तू इंजिनिअर आहेस, मराठीत एक ॲप बनव की!" मराठीचं दुखणं खरं आहे. 'इष्टुर फाकडा' या नावात डोळ्याला सहा अक्षरं दिसतात. युनिकोड मधली जागा धरून बारा मोजतं, आणि साठवताना त्याचे चौतीस बाइट होतात. ज्याने वीस बाइटांची मर्यादा घातली त्याच्याकडे नुसता 'इष्टुर' उरतो, फाकडा सुरूच होत नाही. शीटची पीडीएफ काढली की ष्ट फुटून पाय मोडका ष आणि ट वेगळे पडतात, नाहीतर सरळ चौकोन छापून येतात. नऊ कोटींच्या आसपास माणसांची भाषा, आणि नाव लिहायला इंग्रजी स्पेलिंग. त्यामुळे 'मराठी ॲप' हे ऐकायला गोड वाटतं. पण उद्या मी बनवलं तरी रकाने मीच ठरवणार, तळेगावातल्या पाच जणांच्या अनुभवावरून. चंद्रपूरच्या टेबलाला पतीपेक्षा जंगलाची माहिती महत्त्वाची वाटेल, आणि ती माझ्याकडे सातव्या रकान्यासाठी अर्ज करत बसेल. शिवाय सर्व्हरचं बिल आलं की सहा महिन्यांनी मीही 'फक्त एकोणपन्नास रुपये' म्हणणार. या धंद्याला मी ओळखते.

बनवायचं आहे ते वेगळं आणि त्याला प्रोग्रामर कमी, वाचणारी-लिहिणारी माणसं जास्त लागतील. २७ जानेवारी २०२३ ला, त्या परवान्याच्या भांडणातून माघार घेताना, कंपनीने खेळाच्या मूळ नियमांचा चारशेच्या आसपास पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिला. श्रेय दिलं की कुणीही तो वापरू शकतो, बदलू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. हा परवाना मागे घेता येत नाही. त्याच वर्षी त्याची फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश रूपांतरं कंपनीनेच दिली. मराठी त्यात नाही, आणि हॅस्ब्रोच्या कुठल्या मीटिंगमध्ये मराठी निघेल असं समजण्याचं कारण नाही. पण कुणाची परवानगीही लागत नाही. चारशे पानं सगळी लागत नाहीत. तीस पानांत टेबल चालतं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची, व्हॉट्सॲपवर पाठवायची, स्टेशनबाहेर झेरॉक्स काढायची. कामशेतच्या शाळेतल्या पोरांना खेळायला आयडी-पासवर्ड लागता कामा नये.

आम्ही सुरुवात केली आहे आणि अकरा पानं झाली आहेत. काम रेंगाळतं ते शब्दांवर. 'सेव्हिंग थ्रो'ला 'निभाव' हे पटकन जमलं: "निभाव टाक" म्हटलं की पोरांना समजावून सांगावं लागत नाही. 'हिट पॉइंट्स'वर मात्र भांडण आहे. दोघांचं मत 'जीव', कारण सोपा शब्द आहे. माझं मत 'दम'. जीव एकदा गेला की गेला. दम जातो, परत येतो, दुसऱ्याला देताही येतो, आणि म्हैस ओढत घाटवाट चढणाऱ्या म्हातारीचे आधी तोच संपतो. डीएमचं म्हणणं 'दम देणे' याचा अर्थ मराठीत वेगळा होतो. ते बरोबर आहे. पण आमच्या वेसकराने सावकाराला शेवटी तोच दिला होता.